अर्धी बाहेर काढलेली काडी

चाचांच्या घरात काडेपेटी कधी पूर्ण मिटलेली नसायची. पेटीचा खण थोडा पुढे सरकवलेला आणि त्यातून एक काडी अर्धी बाहेर काढलेली, गुल आत आणि बूड बाहेर. चुलीजवळची पेटी तशीच, कंदिलाच्या कोनाड्यातली तशीच, पाहुण्यांच्या खोल्यांतल्याही तशाच. एखाद्या पाहुण्यानं विडी पेटवून सवयीनं पेटी मिटवली की चाचा मागून यायचे, पेटी उघडायचे, काडी बाहेर काढायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे.

ती सवय मला लागली ती अजून सुटलेली नाही. आमच्या घरी आता गॅस लायटर आहे, पण दिवे गेले तर असावी म्हणून ठेवलेल्या काडेपेटीचं मी तेच करतो. सून बघते आणि हसते. नातू म्हणतो, "आजोबा, धिस इज सो अनसेफ." त्याला काय सांगणार? ज्यांच्याकडून शिकलो त्यांनाही आम्ही वेडातच काढलं होतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा जन्माला यायचं होतं. दुबई आणि रास अल खैमाच्या मध्ये डांबरी रस्ता नव्हता. जायचं म्हणजे ओहोटी बघायची आणि समुद्राच्या ओल्या वाळूवरून जीप हाकायची. हिशेब चुकला, भरती आधी आली, की गाडी वर ओढून पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं. अशा बसून राहिलेल्या माणसांसाठी चाचांचं गेस्ट हाऊस होतं. रास अल खैमाच्या अलीकडे, किनाऱ्यावर, आजूबाजूला एकही घर नाही. समुद्रातल्या दगडांच्या भिंती, त्यावर चुन्यासारखा पांढरा गिलावा, खजुराच्या खोडांचं छप्पर, पुढे झावळ्यांची पडवी. मागे लाल वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्याही मागे डोंगर. चाचा त्याला गेस्ट हाऊस म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो.

मी पाण्याच्या विहिरी खणणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. कंपनीनं चाचांच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका खोलीत पंपांचे सुटे भाग आणि दुसऱ्या खोलीत मी. मी दापोलीकडच्या खाडीकाठचा, चाचा रत्नागिरीच्या खालच्या अंगाचे. पहिल्या दिवशी गाव विचारून झालं, कोण कुणाचा ते निघालं, आणि त्याच बैठकीत त्यांनी मला घराचे नियम सांगितले. नियम ऐकता ऐकता माझा चहा निवला.

दाराला कडी लावायची नाही. बाहेर जाताना कुठं चाललो ते सांगून जायचं. बाहेरून आलेल्या माणसाला त्याचा चहा पिऊन होईपर्यंत काहीही विचारायचं नाही, नावसुद्धा नाही. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर ऊन उतरेपर्यंत घरातल्या प्रत्येकानं पुस्तक घेऊन गप्प बसायचं. आणि घरातून जो शेवटचा बाहेर पडेल त्यानं चूल रचून जायचं: खाली खजुराचा काथ्या, वर झावळ्यांचे बारीक तुकडे, त्यावर लाकूड. किटली भरलेली, रांजण भरलेला, चहा-साखरेचे डबे भरलेले, कप पालथे. मागून येणाऱ्यानं फक्त काडी ओढायची.

"आणि ती काडी अशी कशाला बाहेर?" मी विचारलं.

"हात गोठलेले असले म्हणजे पेटी उघडत नाय," चाचा म्हणाले.

बाहेर ऊन असं होतं की पडवीत ठेवलेला पत्र्याचा डबा उचलवत नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

हे सगळे नियम त्यांनी 'तिकडच्या घरा'तून आणले होते. तिकडचं घर म्हणजे पार उत्तरेला, नॉर्वेच्या वरच्या टोकाला, जिथं हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही अशा किनाऱ्यावरचं एक गेस्ट हाऊस. ऐन तारुण्यात चाचा एका मालवाहू बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचं जेवण करायचे. त्या बोटीमुळे ते तिथं पोचले आणि एक अख्खा हिवाळा तिथंच राहिले. घर चालवायची एक म्हातारी. तिच्याकडे वाटसरू यायचे, पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाणारे शौकीन यायचे, आणि नुसते वाचायला येणारेही यायचे. चाचांना याच शेवटच्या लोकांचं भारी कौतुक. "पुस्तकांची पेटी घेऊन यायचे. महिना महिना वाचायचे. अंधार संपला की जायचे." निघताना चाचांनी म्हातारीला हातातलं चांदीचं कडं द्यायला काढलं तर तिनं घेतलं नाही. खुणेनं समुद्राकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, तुझ्या दाराशी येईल त्याला दे.

गोष्ट चांगली होती. अडचण एवढीच की ती दर वेळी वेगळी असायची. कधी बोट बर्फात अडकलेली असायची, कधी चाचा आजारी पडल्यामुळे कप्तानानं त्यांना उतरवलेलं असायचं. म्हातारीला कधी दोन मुलगे असायचे, कधी ती एकटीच असायची. घर बंदरापासून लांब, मग तुम्ही पोचलात कसे, असं विचारलं की एकच उत्तर: "चालत." त्यापुढे अक्षर नाही.

दुबईत देऱ्याला आमच्या कोकणी मंडळींचा अड्डा असलेलं एक किराणा दुकान होतं. तिथला दुकानदार छातीठोकपणे सांगायचा की हा माणूस बसऱ्याच्या पलीकडे कधी गेलेलाच नाही, बर्फ त्यानं पाहिला असेल तर मासे घालायच्या पेटीत. चाचांच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. चाचा म्हणायचे, थंडीनं गेली. दुकानदार म्हणायचा, नांगराच्या साखळीत सापडली. चाचांची मिशी पांढरीशुभ्र आणि भरघोस, पण उजवीकडे ओठाच्या कोपऱ्यावर टिकलीएवढी जागा उघडी होती, तिथं केस उगवत नसत. ते कशानं झालं म्हणून विचारलं तर चाचा म्हणायचे, गळ लागला. दुसऱ्या एकाला त्यांनी सांगितलं होतं की बसऱ्याच्या न्हाव्यानं केलं. त्यामुळे दुकानदाराचं म्हणणं जास्त पटायचं. खोटं सांगायचं तर निदान एकसारखं सांगावं, असं मलाही वाटायचं.

बैठकीच्या भिंतीवर त्या लांब फळ्यांची जोडी टांगलेली होती. पुढची टोकं वर वळलेली, मधे चामड्याचे पट्टे. नवा पाहुणा आला की त्याची नजर तिथं जाणार आणि चाचा खुलणार. त्या तिकडच्या घरातल्या का, असं मी एकदा सरळ विचारलं, तेव्हा सरळ उत्तर मिळालं. त्या बहरीनला एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतल्या होत्या. बघितल्या आणि ओळखल्या, म्हणून घेतल्या. तिकडून निघताना हातात काही नव्हतं. म्हणजे पुरावा म्हणून जी एक वस्तू होती तीही गेली, आणि ती त्यांनी स्वतःच घालवली. मी कपाळाला हात लावला.

पण फळ्या पाहुण्यांना वापरायला मिळत. एकदा नकाशे काढायला आलेले दोन तरुण इंग्रज त्या घेऊन मागच्या लाल टेकडीवर चढले. पहिला वरून सुटला तो अर्ध्या वाटेत थांबला, कारण वाळूनं फळ्या धरून ठेवल्या आणि साहेब एकटा पुढे गेला. त्याला आम्ही दोघांनी धरून आणलं. चाचांनी पायाला हळदीचा लेप लावला, चहा दिला, चहा संपेपर्यंत नियमाप्रमाणे काही विचारलं नाही, आणि मग शांतपणे सांगितलं की चूक वेळेची झाली, वाळू तापायच्या आधी जायला हवं होतं. ते स्वतः मात्र कधी फळ्या बांधून उभे राहिले नाहीत. म्हणायचे, बोटांशिवाय तोल राहत नाय.

वाचनाच्या तासाची तऱ्हा तर सांगण्यासारखीच आहे. शेल्फवर पाहुण्यांनी सोडून गेलेली पुस्तकं होती: इंग्रजी, उर्दू, गुजराती, एक फारसी, आणि बोटीच्या इंजिनाचं एक लाल पुठ्ठ्याचं जाडजूड मॅन्युअल. चाचा मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलेले. त्यांच्याकडे तिसरीचं क्रमिक पुस्तक होतं आणि वर्षानुवर्षं ते तेच वाचत होते. शेवटचा धडा संपला की पान उलटून पहिला. जवळच्या वस्तीतला एक म्हातारा अरब नाखवा रोज असरनंतर यायचा. त्याला कुठलीच लिपी येत नव्हती, पण त्यानं ते लाल मॅन्युअल आपलं मानलं होतं. मांडीवर घेऊन, ओठ हलवत, एकेक पान उलटत तो वाचायचा. एक दिवस पुस्तक उलटं आहे म्हणून मी सरळ करायला गेलो तर चाचांनी डोळ्यांनीच दटावलं. नंतर मला म्हणाले, "त्याला इंजिन नकोय. त्याला बसायचंय." त्या दिवसापासून मी त्या नाखव्याला सलाम करताना थोडा जास्त वाकायला लागलो.

दाराला कडी नाही म्हटल्यावर दारातून काय काय यायचं! वाळू यायची, खेकडे यायचे, डोंगरातल्या लोकांची गाढवं डोकं आत घालून बघायची. पण खरा घात केला तो बकरीनं. त्या किनाऱ्यावरच्या बकऱ्या पुठ्ठा, गोणपाट, कागद, जे मिळेल ते खात. एका दुपारी मी जीपमधून डिझेलची पिंपं उतरवत होतो, तेवढ्यात एक बकरी माझ्या खोलीत शिरली आणि टेबलावर पसरलेला विहिरींचा नकाशा खाऊन गेली. सगळा खाल्ला असता तरी एक वेळ चाललं असतं. तिनं डोंगराची बाजू खाल्ली आणि समुद्राची ठेवली. विहिरी सगळ्या डोंगराच्या बाजूला होत्या.

आमचे मॅनेजर मूळचे दादरचे. हुशार माणूस, पण संताप नाकाच्या शेंड्यावर. ते दुबईहून स्वतः आले, बरोबर सुतार आणि पितळी कुलूप. सुतारानं दाराला कडी-कोयंडा ठोकला. चाचांनी ठोकू दिला, त्याला चहासुद्धा दिला. कुलूप मात्र हातात घेऊन बघितलं आणि फळीच्या वळलेल्या टोकाला अडकवून ठेवलं.

"चाचा, ही कंपनीची प्रॉपर्टी आहे, धर्मशाळा नाही," मॅनेजर म्हणाले. "ईदपर्यंत वेट करतो. लॉक लागलं नाही तर आम्ही रूम्स सोडतो. खलास."

"सोडा," चाचा म्हणाले. "कुलूप लावलं तर मग घर कशाला पायजे? तिजोरी घ्या."

कंपनीच्या भाड्यावरच ते घर चालत होतं. बाकीचे पाहुणे काही देत, काही न देता जात, आणि चाचा मागत नसत. हे मला ठाऊक होतं आणि चाचांनाही ठाऊक होतं. मी त्यांना समजावून बघितलं. नुसतं लावायचं, किल्ली खिळ्याला टांगायची, म्हणजे दोघांचंही राहील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

त्याच हिवाळ्यात आईचं पत्र आलं. पत्र गावच्या मास्तरांच्या हातचं, पण शब्द आईचे. माझा धाकटा भाऊ लाँचनं निघाला होता. मी त्याला दोनदा लिहून कळवलं होतं की कागदपत्रांशिवाय येऊ नकोस, पण तो माझं ऐकेल तर धाकटा कसला. या लाँचांची रीत अशी की दिवसचे दिवस माणसं मालासारखी कोंबून आणायची आणि पहारा चुकवण्यासाठी बंदरापासून लांब, कुठल्याही ओसाड किनाऱ्यापाशी पहाटे पाण्यात उतरवायची. लाँचचा नाखवा बोट दाखवणार, 'ती बघा दुबई', आणि तिथं वाळूशिवाय काही नसणार. पत्र हातात पडलं तेव्हा शमाल सुटला होता. हा उत्तरेचा वारा जानेवारीत सुरू झाला की समुद्र पांढरा होतो आणि अंगातलं रक्त गार पडतं. माझा जीव टांगणीला लागला.

चाचांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, पोहता येतं का? खाडीवरचा पोरगा, येतं की, मी म्हणालो. "मग पाण्यात मरायचा नाय," ते म्हणाले, "मेला तर बाहेर येऊन मरेल." हे ऐकून मला इतका राग आला की त्या दिवशी मी वाचनाला बसलो नाही. ते का तसं म्हणाले ते कळायला काही दिवस जायचे होते.

मग सगळं एकाच वेळी आलं. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि दुबईच्या इस्पितळातून ऑपरेशनचं बोलावणं आलं. कंपनीच्या जीपनं त्यांना नेलं. दोन दिवसांनी डोंगरापाशी आमच्या खणायच्या जागेवर पंप मोडला आणि सुटे भाग घेऊन मला तिकडे जायचा हुकूम आला. जीप घेऊन बलुची ड्रायव्हर आला, त्यानं मॅनेजरांचा निरोपही आणला: बुढ्ढा घरात नाही, तेव्हा आता कुलूप लावायचं आणि किल्ली दुबईला पाठवायची.

मी फळीच्या टोकावरचं कुलूप काढलं. माझ्या नोकरीवर गावाकडचं घर चालत होतं, आणि पितळी कुलूप लावायला असा कितीसा वेळ लागतो? दारात उभा राहिलो. वाऱ्यानं दार आपटत होतं. धाकटा नेमका इथंच उतरेल असं मी मानत नव्हतो. किनारा केवढा मोठा. पण तो कुठंतरी उतरणार होता, आणि जिथं उतरेल तिथलं दार कुणीतरी माझ्यासारख्यानंच उघडं ठेवलेलं असायला हवं होतं. हे मनात आल्यावर कुलूप लावणं मला जमेना. मी आत गेलो. काथ्या, झावळ्या, लाकूड अशी चूल रचली. रांजण आणि किटली भरली. साखरेच्या डब्यात माझीही साखर ओतली. माझ्या दोन लुंग्या आणि चाचांची घोंगडी चुलीजवळ ठेवली. काडी अर्धी बाहेर काढली. आजवर हे सगळं मी चाचांच्या धाकानं करत आलो होतो. त्या दिवशी मनापासून केलं. कुलूप परत फळीला अडकवून बाहेर आलो.

ड्रायव्हरनं रिकामे हात बघितले. "लॉक?"

"रहने दो."

"नौकरी जायेगी तुम्हारी."

"यल्ला, गाडी काढ," मी म्हणालो.

डोंगरापाशी तंबूत काम करताना वारा थांबायचं नाव घेईना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाढवांवरून पाणी आणणाऱ्या माणसानं बातमी आणली. एका लाँचनं माणसं समुद्रात उतरवली होती आणि किनाऱ्याला एक प्रेत लागलं होतं. कुठं? त्यानं आमच्या घराच्या दिशेला हात केला. कसा होता? तरुण. आणखी त्याला काही माहीत नव्हतं. मी हातातला पाना खाली ठेवला आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं. परवानगी कुणाला विचारली नाही.

घराचं दार लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. माझ्या लुंग्या नव्हत्या, घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. कप धुऊन पालथे घातलेले. रांजण काठापर्यंत भरलेला. साखरेचा डबा रिकामा, पुसून ठेवल्यासारखा. आणि चूल रचलेली. पण ती चाचांच्या पद्धतीनं नव्हती. दोन जाड लाकडं आडवी आणि मधे बारीक काटक्या उभ्या, अशी आमच्या आया रचतात तशी होती. म्हणजे आलेली माणसं आपल्याकडचीच होती. चुलीशेजारी काडेपेटी होती आणि तिच्यातून एक काडी अर्धी बाहेर काढलेली होती. नियम सांगायला तिथं कुणी नव्हतं. जसं सापडलं तसं त्यांनी ठेवलं होतं, एवढंच. मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ड्रायव्हर बाहेर जाऊन जीपचं बॉनेट उघडून उभा राहिला.

दुबईला पोचलो ते थेट देऱ्याच्या दुकानात, कारण गावाकडून आलेला माणूस आधी तिथंच विचारत यायचा. धाकटा तिथं तांदळाच्या पोत्यावर बसून माझी लुंगी नेसून भात जेवत होता. मी आधी एक ठेवून दिली आणि मग मिठी मारली. बुडालेला होता तो गुहागरकडचा, त्याच्याच बाजूला बसून आलेला. लाँचनं उतरवलं तेव्हा पाणी गळ्यापर्यंत, वर लाटा. बाकीचे वाळूला लागले ते वारा अंगावर घेत उजाडेपर्यंत चालत राहिले, तेव्हा पांढरी भिंत दिसली. दार ढकललं तर उघडलं. कडी असती तर ती काढायची ताकद कुणातच नव्हती, तो म्हणाला, बोटं लाकडासारखी झाली होती. काडेपेटी दिसली, पण धरता येईना. मग त्यानं खाली वाकून बाहेर आलेली काडी दातांत धरली आणि ओढली. दोघांनी पेटी तळव्यांमध्ये दाबून धरली आणि यानं तोंडानंच काडी घासली. चूल पेटली. उजवीकडची अर्धी मिशीही पेटली, पण ओठ बधिर असल्यामुळे त्याला ते मागाहून कळलं. तिथं फोड आला होता आणि राहिलेली मिशी एकीकडे झुकलेली दिसत होती. दुकानदार पोट धरून हसत होता.

मला हसू येईना. मी त्या फोडाकडे बघत राहिलो. ओठाच्या कोपऱ्यावर, टिकलीएवढा.

पुढे काय झालं तेही सांगतो. माझी नोकरी गेली नाही, पगार मात्र कापला. ईद झाल्यावर कंपनीनं खोल्या सोडल्या आणि मलाही गावातल्या कुलूपबंद गोदामात हलवलं. चाचांनी घर चालवलं, कसं ते अल्लाला ठाऊक. मग डांबरी रस्ता झाला. जीपला ओहोटीची गरज उरली नाही आणि ओहोटीची गरज नाही म्हटल्यावर चाचांची कुणाला असणार? शेवटची काही वर्षं तिथं तो अरब नाखवा आणि चाचा दोघंच असरनंतर पुस्तकं घेऊन बसत. चाचा तिथंच वारले. तिथल्याच कबरस्तानात आहेत. मी रास अल खोरला, मग मुसफ्फाला नोकऱ्या केल्या. एकदा मुद्दाम गाडी घेऊन ते घर शोधायला गेलो तर वाळूतून भिंतीचा तुकडा तेवढा वर आला होता. आता तोही नसेल.

त्या दिवशी मात्र मी धाकट्याला पोत्यावरून उठवलं आणि तडक इस्पितळात नेलं. चाचा उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मी सलाम केला, त्यांनी आवाज ओळखला. माझा भाऊ आलाय म्हणालो. घर उघडं होतं, चूल पेटली, जगला. यापलीकडे मी काही सांगितलं नव्हतं, आणि धाकट्यानं तर तोंडही उघडलं नव्हतं.

चाचांनी हात पुढे केला. मला वाटलं, त्याच्या डोक्यावर ठेवायचाय. धाकटा वाकला. चाचांनी चाचपडत त्याचा गाल शोधला, मग नाक, आणि बोट ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर नेऊन थांबवलं. धाकटा कळवळला. तेच बोट त्यांनी मागे घेतलं आणि स्वतःच्या मिशीतल्या उघड्या जागेवर ठेवलं.

"दुखंल थोडे दिवस," ते म्हणाले. "मग कळत पण नाय."

इतकी वर्षं हा माणूस गळ आणि न्हावी सांगत राहिला. लोकांनी हसू नये एवढी एकच गोष्ट त्यानं राखून ठेवली होती.

"घरात कोण नव्हतं तवा," चाचा सांगत होते, ते आता धाकट्याला, मला नाही. "म्हातारी गावात गेल्याली. ती येईपर्यंत मी तिची सगळी साखर खाल्ली. ती आली, डबा बघितला, मना काय बोलली नाय. नवीन भरून ठेवला." मग त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. पिशव्यांमुळे ते पूर्ण वळवता येत नव्हतं.

"डब्यात साखर हाय का रे?"

"नाही चाचा. यांनी संपवली."

"मग हितं काय करतोस?" चाचा म्हणाले.

आम्ही दोघं देऱ्याला परत आलो, साखर घेतली आणि ओहोटी बघून निघालो.